पाळणाघरात हँड-फूट-माऊथ पसरलंय. आजारी मूल घरी ठेवायचा नियम तुम्ही कसा पाळून घेता?

पाळणाघरवाली_डोंबिवली
सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावर माझं पाळणाघर आहे. दोन खोल्या आणि मागे ओटा. १६ मुलं, त्यातली पाच दोन वर्षांच्या आतली, म्हणजे डायपरवाली. हाताखाली दोन मावशी. आया बहुतेक ७.५० नाहीतर ८.१० च्या लोकलच्या, त्यामुळे सकाळी दारात जे काही व्हायचं ते अर्ध्या मिनिटात उरकतं. पिशवी, डबा, पापी, "काकू, आज जरा किरकिर करतोय हं, दात येताहेत," आणि बाई रिक्षात.

या "दात येताहेत"बद्दलच विचारायचं आहे.

मागच्या आठवड्यात अडीच वर्षांचा एक मुलगा असाच दात येताहेत म्हणून आला. अंग गार होतं, गाड्या घेऊन खेळत होता. साडेअकराला वरणभात भरवायला बसवला तर पहिलाच घास थुंकला आणि भोकाड पसरलं. उचलून घेतला तर पाठ चटका बसेल इतकी तापलेली, आणि लाळेऱ्याला स्ट्रॉबेरीचा वास. आमच्या धंद्यात हा वास कुणालाही झोपेतसुद्धा ओळखू येईल. तापाचं गुलाबी सिरप. सकाळी सातला पाजलं की चार-पाच तास निभावून नेतं आणि नेमकं जेवणाच्या वेळेला उतरतं. खिडकीपाशी नेऊन तोंड उघडून बघितलं तर आत टाळ्याला लाल फोड, तळहातावर बारीक पुटकुळ्या. आईला फोन लावला तर ती केव्हाच फोर्टला पोचलेली. घ्यायला आजोबा आले, ते दुपारी दीडला. तोवर तो माझ्या मांडीवर आणि बाकीची मुलं आजूबाजूला.

डॉक्टरांनी हँड-फूट-माऊथ सांगितलं. शुक्रवारपर्यंत आणखी पाच मुलं झोपली आणि आमच्या थोरल्या मावशींच्या तळव्यांवरही पुरळ उठलं. धाकटी मावशी चार महिन्यांची गरोदर आहे. ती रोज विचारते, "काकू, मला काय होणार नाही ना?" तिला काय सांगू?

ग्रुपवर तर शिमगा चालू आहे. कुणीतरी "टोमॅटो फ्लू" म्हणून भयंकर फोटो टाकलेत. एक बाबा म्हणतात दोन आठवडे पाळणाघर बंद ठेवा आणि तेवढी फी परत द्या. एका आईचं म्हणणं, बंद ठेवलंत तर माझी नोकरी जाईल. बाकीच्यांना एकच हवंय, कोणाच्या मुलामुळे आलं ते नाव सांगा. ते मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. मी दारात सॅनिटायझर ठेवलाय, दिवसातून तीनदा फिनेलने लादी पुसते, खेळणी दर शनिवारी धुते. तरी हे पसरलं कसं? दुसरं, बरं झालेलं मूल परत कधी घ्यायचं? प्रत्येकाचा डॉक्टर वेगळं सांगतो. आणि तिसरं, खरं दुखणं हेच आहे, की "तापातलं मूल आणू नये" असं माझ्या फॉर्मवर पहिल्या पानावर छापलंय, सगळ्यांनी सही केलीय, आणि एकजणही पाळत नाही. तुमच्याकडे हा नियम चालतो का? चालत असेल तर कसा?

---

निवृत्त_सिस्टर_मिरज
सोमवार, रात्री ११.२५

बाई, आधी त्या गरोदर मुलीचं. हँड-फूट-माऊथमुळे गरोदरपणी सहसा काही बिघडत नाही, तिला एवढं घाबरवू नका. पण तिच्या डॉक्टरांना सांगून ठेवायला सांगा आणि डायपरचं काम तिच्याकडून आजच काढून घ्या. तुमच्या धंद्यात तिला खरी भीती कांजिण्या आणि रुबेलाची. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, ते तिच्या आईला फोन करून विचारा. झाल्या नसतील किंवा आठवत नसेल तर रक्त तपासून कळतं. कांजिण्यांची लस गरोदरपणी देत नाहीत. म्हणून उद्या पाळणाघरात एखाद्याला कांजिण्या निघाल्या तर "बघू आठवडाभर" असं न करता तिने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. पुढे कधी नवीन मावशी ठेवाल तेव्हा हे कामावर घेतानाच विचारा, लस तेव्हाच देता येते.

आता पसरलं कसं. माझा जन्म बालरुग्ण वॉर्डात गेला, तिथेही नवीन मुली येऊन हेच विचारायच्या. हा रोग एन्टेरोव्हायरस नावाच्या घराण्यातल्या विषाणूंमुळे होतो, बहुतेकदा कॉक्सॅकी ए१६ किंवा ए६. या विषाणूंना चरबीचं आवरण नसतं. अल्कोहोलचा सॅनिटायझर आवरणवाल्या विषाणूंना फोडतो, कोरोना त्यातला होता म्हणून सगळ्यांना त्याची सवय लागली. यांना तो फारसं काही करत नाही. उलट्या-जुलाबाचे रोटा आणि नोरो विषाणूही याच जातीचे. साबणानेही ते मरतात असं नाही, पण चोळून, वाहत्या पाण्याखाली हातावरून निघून जातात. काम होतं ते चोळण्याने आणि पाण्याने, म्हणून वीस सेकंद. बादलीत बुडवून काढलेले हात धुतलेले धरू नका. फिनेलचं म्हणाल तर वास छान येतो.

वॉर्डात आम्ही हायपो वापरायचो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. किराणा दुकानात पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच म्हणून मिळतं तेच. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर साध्या पाण्यात २० मिली, म्हणजे चहाचे चार चमचे. आधी साबणाने पुसायचं, कारण घाण असेल तर हायपोची ताकद घाणीवरच खर्च होते. मग हे पाणी लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. लावलं नि लगेच पुसलं तर उपयोग नाही. तोंडात जाणारी खेळणी नंतर स्वच्छ पाण्याने धुवायची. रोज ताजं करायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, मुलं खोलीत नसताना खिडकी उघडून करायचं. आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये हे चुकूनसुद्धा मिसळू नका, विषारी वायू होतो. आमच्या वॉर्डात एक सफाई कामगार त्याने गुदमरला होता.

खेळणी शनिवारी धुता म्हणालात. पाच रांगणारी पोरं असतील तर एक खुळखुळा दिवसात पाचही तोंडांत जातो. तोंडातून निघालेलं खेळणं लगेच एका वेगळ्या टोपलीत टाकायचं आणि संध्याकाळी ती टोपली धुवायची. बाकीची शनिवारी धुवा, हरकत नाही. मऊ कापडी अस्वलं-ससे साथ संपेपर्यंत माळ्यावर.

पण माझा संशय खेळण्यांवर नाही. डायपर कुठे बदलता? आणि जी बदलते तीच भरवते का?

---

पाळणाघरवाली_डोंबिवली
सोमवार, रात्री ११.५०

सिस्टर, बरोबर बोट ठेवलंत. डायपर आतल्या खोलीत दिवाणावर बदलतो. त्याच दिवाणाच्या उशाशी फळीवर दुधाच्या बाटल्या. आणि हो, जी मोकळी असेल ती बदलते, जी मोकळी असेल ती भरवते. हात पुसायला मोरीपाशी एक नॅपकिन सगळ्यांना. पावसात वाळत नाही म्हणून एकच काढून ठेवला होता.

---

निवृत्त_सिस्टर_मिरज
मंगळवार, सकाळी ६.१०

मग सापडला चोर. या रोगाचा विषाणू फोड सुकल्यावरही काही आठवडे शीमधून येत राहतो. म्हणजे आज बरं होऊन परत आलेलं मूलही डायपरमधून तो देतच असतं. "पूर्ण बरं होईपर्यंत घरी" या नियमाने तुमची साथ थांबणार नाही ती यामुळेच. ताप यायच्या आधीच मूल पसरवायला लागलेलं असतं, आणि काहींना तर लक्षणंच दिसत नाहीत. तुमच्या ग्रुपला जे नाव हवंय, तोच मुलगा पहिला होता हे तरी कशावरून?

दिवाण बंद. बाटल्यांपासून लांब, मोरीजवळ एक रेक्झिनची चटई. दर वेळी वर कागद टाकायचा, वर्तमानपत्रही चालेल, आणि तो डायपरबरोबरच गुंडाळून झाकणाच्या डब्यात. बाळाचेही हात धुवायचे, हे सगळे विसरतात. त्याचा हात खाली गेलेला असतोच. एका वेळी एक मावशी डायपरवर, दुसरी भरवण्यावर. दुपारी बदली करायची असेल तर करा, पण मध्येच अदलाबदल नको. नॅपकिन प्रत्येकाचा वेगळा. वाळत नसतील तर कागदी वापरा, खर्च होईल तो होऊ दे.

परत कधी घ्यायचं: ताप उतरून औषधाशिवाय २४ तास गेले, फोड सुकले, खायला-प्यायला लागलं, की घ्या. साधारण आठवडा धरा. तोंडातल्या फोडांमुळे मुलं पाणीच पीत नाहीत, त्यांच्या आयांना सांगा की गार ताक, दही-भात, नारळपाणी, आंबट-तिखट काही नको. आठ तासांत शू नाही, सारख्या उलट्या, तीन दिवसांहून जास्त ताप, मूल मलूल पडलंय किंवा झोपेत सारखं दचकतंय, तर डॉक्टरांकडे, रात्र असली तरी.

टोमॅटो फ्लूचं भूत २०२२ मध्ये केरळात कोल्लमला निघालं होतं. तिथून परतलेल्या दोन मुलांची इंग्लंडमध्ये तपासणी झाली तेव्हा कॉक्सॅकी ए१६ च निघाला. टोमॅटोचा त्यात काही दोष नाही. ते फोटो डिलीट करायला सांगा.

---

अनि_७७
मंगळवार, सकाळी ९.०२

नियम छापलाय ना? मग दारातून परत पाठवा. दोनदा परत पाठवलं की तिसऱ्यांदा आणणार नाहीत. फी घेता तर शिस्त लावायची तयारी पण ठेवा. इतकं सोपं आहे.

---

लोकलवाली_आई
मंगळवार, दुपारी १.३५

अनि_७७, तुम्ही कधी ८.१० सोडून परत घरी गेलायत का आजारी मूल घेऊन? कसं वाटतं सांगा जरा.

मी लंच टाइममध्ये लिहितेय, म्हणून थोडक्यात. मी ते सिरप पाजून मुलीला पाळणाघरात सोडलेलं आहे. वर्षाला मला आठ सीएल. पैकी दोन सासूबाईंच्या मोतीबिंदूला गेल्या, एक मुलीच्या ॲडमिशनला. दोन वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात महिन्यातून एकदा ताप येतो, प्रत्येक वेळी तीन दिवस. करा हिशोब. साहेबाला "मुलीला ताप आहे" सांगितलं की तो म्हणतो, "परत?" नवऱ्याला त्याच्या ऑफिसात हे कुणी विचारत नाही कारण तो कधी रजाच मागत नाही.

केंद्र सरकारच्या नोकरीत बायकांना ७३० दिवस बालसंगोपन रजा आहे, राज्य सरकारने २०१८ मध्ये १८० दिवसांची दिली. खासगीत काय आहे? २०१७ च्या दुरुस्तीत ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं असं आलं. आमच्या शाखेत ११ माणसं. आणि असतं तरी आजारी मूल तिथेही कुणी घेतलं नसतंच.

काकू, तुमच्या पहिल्या मुलाची आई वाईट नाही एवढंच सांगायचं होतं. तिला दारात खरं बोलायची सोयच नव्हती. खरं बोलली असती तर तुम्ही परत पाठवलं असतं आणि तिचा पगार कापला गेला असता. खोटं बोलली तर निदान साडेअकरापर्यंत तरी निभावलं. तुम्ही नियम कितीही मोठ्या अक्षरात छापा, या हिशोबात तो हरणारच.

---

किलबिल_औंध
मंगळवार, रात्री ९.१५

मी पुण्यात औंधला पाळणाघर चालवते, तुमच्याहून थोडं मोठं. लोकलवाली_आईंच्या शेवटच्या वाक्यावर मी सही करते. पण त्यातून थोडी वाट निघते, आमच्याकडे निघाली.

पहिली गोष्ट, दारातला प्रश्न बदला. "बरा आहे ना?" याचं उत्तर नेहमी "हो" असतं. आम्ही विचारतो, "काल संध्याकाळपासून कुठलं औषध दिलंय? किती वाजता?" आणि वहीत लिहितो, रोज, प्रत्येकाचं, सर्दी असो नसो. वही समोर असली, सगळ्यांनाच विचारत असलो, की लपवावंसं कमी वाटतं. बहुतेक जणी सांगतात. आणि सांगितलं म्हणून आम्ही लगेच परत पाठवत नाही, ही यातली खरी मेख. नुसतं शेंबडं नाक, दाढ, लसीनंतरची कणकण असलं मूल आम्ही घेतो. नाक वाहतंय म्हणून परत पाठवायला लागलं तर जुलै ते फेब्रुवारी पाळणाघर ओस पडेल. परत पाठवतो ते ताप, जुलाब, उलटी, अंगावर नवीन पुरळ, चिकट डोळे आणि घेताना मांडीवरून न उतरणारं मूल. एवढंच. यादी लहान ठेवली तर पाळली जाते. तुमच्या फॉर्मवरची किती लांब आहे?

दुसरी गोष्ट पैशाची. आम्ही महिन्याच्या फीमध्ये आजारपणाच्या दोन दिवसांची वजावट देतो, पण अट अशी की सकाळी आठच्या आत स्वतःहून कळवायला हवं. दोन दिवसांची रक्कम म्हणजे फार नाही, पण "खरं सांगितलं तर काहीतरी मिळतं" असं पहिल्यांदाच झालं. उलट मूल दुपारी आजारी निघालं तर वजावट नाही. दंड लावायचा नाही, दंडाने लपवाछपवी वाढते. आणि प्रत्येक मुलामागे घरी नेणारं दुसरं एक नाव घेऊन ठेवतो, जे तासाभरात पोचेल असं. आजोबा, शेजारीण, कुणीही. तुमचे दीडला पोचले, आमचं एकदा साडेचारला कुणी आलं होतं.

तिसरं विचारू का? राग मानू नका. मावशींनी खाडा केला तर पैसे कापता का?

---

पाळणाघरवाली_डोंबिवली
मंगळवार, रात्री १०.३०

फॉर्मवरची यादी अठरा कलमांची आहे. त्यात "सर्दी" पण आहे. तुम्ही म्हणता ते आता हसू येण्यासारखं दिसतंय.

मावशींचे पैसे कापते. महिन्याला एक सुट्टी भरपगारी, बाकी खाडे कापले जातात, इथे सगळ्यांकडे असंच आहे. थोरल्या मावशी पुरळ घेऊन शनिवारी पण आल्या होत्या, मीच दुपारी घरी पाठवलं.

---

किलबिल_औंध
मंगळवार, रात्री १०.४५

तिथेच फरक करा. आयांनी सिरप पाजून पाठवू नये असं म्हणतो आणि मावशी जुलाब घेऊन येते तेव्हा आपल्याला सोयीचं असतं म्हणून गप्प बसतो. मूल एकवेळ कोपऱ्यात बसवता येतं, मावशीचे हात दिवसभरात सोळा ताटांतून फिरतात. मी वर्षाला सहा आजारपणाच्या रजा भरपगारी केल्या, आणि एक बदली बाई ठरवून ठेवलीय, बोलावलं की रोजावर येणारी. त्यासाठी फी वाढवली आणि पत्रकात कशासाठी वाढवली ते लिहिलं. दोन कुटुंबं सोडून गेली. बाकीच्यांनी दिली.

---

मेलबर्नची_मावशी
बुधवार, सकाळी ६.५०

मी मूळची सांगलीची, मेलबर्नला चाइल्डकेअरमध्ये एज्युकेटर आहे, म्हणजे मावशीच, फक्त डिप्लोमावाली. इथे सरकारच्या आरोग्य परिषदेची 'स्टेइंग हेल्दी' नावाची पुस्तिका प्रत्येक केंद्रात असते आणि कुठल्या आजाराला किती दिवस घरी, याचा तक्ता भिंतीवर. त्याचा मोठा फायदा म्हणजे आईशी भांडण होत नाही. मी नाही म्हणत, तक्ता म्हणतो. जुलाब-उलटी थांबून २४ तास, पण आमच्यातली जी जेवण हाताळते तिला ४८. कांजिण्या सगळ्या खपल्या धरेपर्यंत, गोवर पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस. हँड-फूट-माऊथ फोड सुकेपर्यंत, सिस्टरांनी सांगितलं तेच. आमच्या राज्यात २०१६ पासून लसींची नोंद पूर्ण नसेल तर प्रवेशच नाही.

पण आपल्याकडच्यांना वाटतं तिकडे सगळं चकाचक, तसं काही नाही. हिवाळ्यात आमच्याकडेही निम्मा वर्ग शेंबडा असतो आणि "पॅनाडॉल देऊन सोडलं" हा प्रकार इथेही अगदी तस्साच आहे. वास पण स्ट्रॉबेरीचाच.

गरोदर मावशीसाठी एक सांगते. इथे आम्हाला सीएमव्ही म्हणून एका विषाणूबद्दल ट्रेनिंगमध्ये बजावतात. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत असतो, मुलाला काहीच होत नाही, पण गरोदर बाईला पहिल्यांदा झाला तर बाळाच्या कानावर परिणाम होऊ शकतो. तेव्हा मुलाचा उष्टा चमचा स्वतःच्या तोंडात घालायचा नाही, घास गरम आहे का ते ओठाला लावून बघायचं नाही, तोंडावर पापी नाही. आपल्या बायकांना ही सवय फार असते.

---

निवृत्त_सिस्टर_मिरज
बुधवार, सकाळी ७.३०

बरोबर आहे. फक्त आपल्याकडे बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, म्हणून घाबरून नोकरी सोडायची गरज नाही. उष्टं मात्र बंदच. त्याच हाताने हेही लिहिते: अ प्रकारची कावीळ. लहान मुलाला झाली तर डोळे पिवळेसुद्धा होत नाहीत बऱ्याचदा, आणि डायपर बदलणारी बाई महिनाभर अंथरुणाला खिळते. त्याची लस मिळते, सरकारी यादीत नाही, विकत घ्यावी लागते. कांजिण्यांचंही तसंच.

---

सेविका_जालना
बुधवार, दुपारी ३.२०

मी अंगणवाडी सेविका. आमच्याकडे डायपर नाही, हायपो नाही, नळ एक दिवसाआड. तरी लिहिते. २०२२ च्या शेवटी मुंबईला गोवर निघाला तेव्हा आमच्याकडेपण घरोघर फिरून कार्डं तपासली. तेव्हा बघितलं, नववा महिना संपल्यावरचा पहिला डोस बऱ्याच जणांचा होता, दीड वर्षाचा दुसरा राहिलेला. चालतं-फिरतं मूल झालं की आई दवाखान्याचं विसरते. ताई, तुम्ही सोळा मुलांची कार्डं एकदा मागवा. फोटो पाठवतो म्हणतील, तारखा वाचा. शहरातल्या मुलांचा पण दुसरा डोस राहिलेला असतो. सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

हात धुवायला आम्ही माठाला तोटी बसवली आणि खाली बादली. मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर. तोटी उंच असली की मूल मोठ्या माणसाची वाट बघतं आणि मग तसंच जेवायला बसतं. साबण जाळीत बांधून टांगला, नाहीतर पाण्यात पडून विरघळतो.

---

पाळणाघरवाली_डोंबिवली
शनिवार, रात्री ८.००

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते.

दिवाणावरचं डायपर प्रकरण बंद. मोरीबाहेर चटई, झाकणाचा डबा. बेसिनपुढे लाकडी पायरी करून घेतली. चटईवर आता थोरल्या मावशीच, त्या सोमवारी येतील, तोवर मी. धाकटी भरवते आणि झोपवते. तिच्या आईला विचारलं, तिला कांजिण्या तिसरीत असताना झाल्यात, अंगावर खुणा आहेत. मुलीचा चेहरा उजळला एकदम. दुपारी गाद्या आता एक डोकं-एक पाय अशा घालते आणि मधे फूटभर जागा सोडते, खोलीत त्याहून जास्त होत नाही. एसी सकाळभर बंद, खिडक्या उघड्या. डास येतात, त्याचं बघू.

फॉर्म फाडला. नवीनमध्ये सहा गोष्टी. ग्रुपवर लिहिलं की हा आजार ताप यायच्या आधीच पसरतो, त्यामुळे पहिला कोण हे मलाही माहीत नाही. दोन आठवडे बंदची मागणी करणाऱ्या बाबांना फोन करून सांगितलं की बंद केलं तर हीच मुलं शेजारच्या पाळणाघरात जातील आणि तिथे पसरवतील. ते म्हणाले, "पण फी?" फीवरच सगळं अडतं हे तेव्हा कळलं. किलबिलताईंची दोन दिवसांची वजावट पुढच्या महिन्यापासून सुरू करतेय. मावशींच्या रजेचं अजून जमवते आहे, सहा जमणार नाहीत, चारने सुरुवात.

कार्डं मागवली. सोळात तिघांचा गोवराचा दुसरा डोस राहिलाय. एक आई स्वतः फार्मा कंपनीत.

---

लोकलवाली_आई
शनिवार, रात्री ८.४०

दारातली वही सुरू केली का?

---

पाळणाघरवाली_डोंबिवली
शनिवार, रात्री ९.०५

केली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी "काही नाही" लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी एका आजीने सांगितलं, "रात्री दोनला सिरप दिलंय, सूनबाई सांगणार नव्हती." आजी जिंदाबाद. मूल दिवसभर ठीक होतं, ठेवून घेतलं. गुरुवारी दोन आयांनी आपणहून सांगितलं, त्यातल्या एकीला परत पाठवावं लागलं. ती रडली, मलाही कसंतरी झालं. पण तिने सांगितलं म्हणून निदान शेजारणीकडे ठेवायची सोय सातलाच करता आली.

---

पाळणाघरवाली_डोंबिवली
सुमारे महिन्याने, बुधवार, दुपारी २.१५

सिस्टर आहात का? साथ बसली, नवीन कुणी नाही. पण त्या पहिल्या लॉटमधल्या दोन मुलांची हातापायाची नखं मुळापासून सुटून येताहेत. दुखत नाहीये. एका आईचं म्हणणं माझ्या ब्लीचच्या पाण्यामुळे झालं. ग्रुपवर पुन्हा सुरू झालंय. काय सांगू?

---

निवृत्त_सिस्टर_मिरज
बुधवार, दुपारी ४.००

ब्लीचचा संबंध नाही. हँड-फूट-माऊथनंतर महिना-दीड महिन्याने काही मुलांची नखं अशी गळतात, ए६ मध्ये जास्त दिसतं. ताप असताना नखाची वाढ थांबते आणि ती थांबलेली रेघ पुढे सरकत येते. खालून नवीन नख येतंय ना बघा, येत असणारच. ओढायचं नाही, मोज्यात अडकत असेल तर सुटलेला भाग कात्रीने कापायचा. औषध काही नाही. खाली लाल होऊन सुजलं किंवा पू झाला तरच दाखवायचं. ग्रुपवर हे असंच्या असं पेस्ट करा, आणि ज्या मुलांना ताप येऊन गेला नव्हता त्यांचीही नखं बघून ठेवा. एखाद्याची गळाली तर त्याला कळत-नकळत होऊन गेलेला असतो.